सुभेदार वस्तू विसरतात

सुभेदार ज्या घरी जात तिथे काहीतरी विसरून येत. छत्री, मफलर, चष्म्याचं घर, पाण्याची बाटली. एकदा पाटणच्या बाजूला एका घरी ते पायातली एक चप्पल विसरले. एका चपलेवर जीपपर्यंत ताठ चालत आले आणि मी बोट दाखवल्यावर खाली बघून म्हणाले, "राहिली वाटतं." परत फिरून आणू म्हटलं तर नको म्हणाले, उशीर होईल. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. पहिल्या पलटणीतल्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि नंबर तोंडपाठ. आणि छत्री लक्षात राहत नाही.

मला या गोष्टीचा मनस्वी राग यायचा. माझं माहेर सांगलीचं, वडिलांचं हळदीचं दुकान. आमच्याकडे कात्री खिळ्यावर नसली तर सगळं घर उभं राहून ती शोधायचं. त्यात सुभेदार विसरत त्यातल्या निम्म्या वस्तू ऑफिसच्या असत आणि जबाबदारी माझी असे.

आमची संस्था साताऱ्यात दोन खोल्यांत होती. काम सांगायला सोपं होतं. फौजेतून पेन्शनवर आलेली आणि घरात अबोल झालेली माणसं शोधायची, त्यांच्याकडे जात राहायचं, आणि त्यांनी जिवाचं बरंवाईट करून घेऊ नये एवढं बघायचं. मी समाजकार्याची पदवी घेतलेली, सुभेदार मानधनावर आलेले. माझ्याकडे चार पानी प्रश्नावली होती. सुभेदारांकडे छत्री होती, निदान सकाळी तरी.

प्रश्नावलीत जगण्यामरण्याचा प्रश्न चौदावा होता. तिथपर्यंत हळूहळू यायचं असं आम्हाला शिकवलं होतं. सुभेदार तिथे तिसऱ्या मिनिटाला पोचायचे. ओट्यावर बसायचे, म्हैस किती दूध देते ते विचारायचे, मग त्याच आवाजात म्हणायचे, "झोप लागती का रं? न्हाई? मग जीव द्यायचं मनात येतं का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला. जीपमध्ये बसल्यावर मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. असं विचारतात का कुणाला? ते शांतपणे म्हणाले, "इचारल्यानं कुणी मरत न्हाई मॅडम. न इचारल्यानं मरत्यात." पुढे एका प्रशिक्षणात मोठ्या डॉक्टरांनी हेच आम्हाला तासभर समजावून सांगितलं. सुभेदार मागच्या रांगेत झोपले होते.

माणूस पारखायची त्यांची रीतही उलटी होती. दाढी वाढलेला, अंगावर ओरडणारा, दारू पिऊन पडलेला फौजी दिसला की मी वहीत लाल खूण करायची. सुभेदार म्हणायचे, "ह्यो भांडतोय अजून. लय काळजी करू नका." त्यांना धास्ती वाटे ती गुळगुळीत दाढी केलेल्या, कपड्यांना इस्त्री मारलेल्या, 'सगळं ठीक आहे साहेब' म्हणणाऱ्या माणसाची. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नीटनेटक्या माणसाबद्दल मला वाईट वाटून घेणं जमत नाही.

दुपार कलली की मात्र हा विसराळू माणूस एक गोष्ट चुकत नसे. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. कुठल्याही गावात, कुणाच्याही घरी असू, सुभेदार मधेच उठायचे. "मॅडम, दिवस चाललाय. जेवून घ्या." मी ओट्यावर बसून डबा खाईपर्यंत ते समोरच्या माणसाला माझ्याकडे बघू देत नसत. कामाच्या नादात मी विसरायची, ते नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी त्यांना घरात बसवलं आणि फेरीला मी एकटी निघाले. मला वाटलं, हीच संधी आहे. दोन दिवसांत वडूज, पाटण, कवठे महांकाळ असं सगळं फिरून सुभेदारांनी विसरलेल्या वस्तू गोळा करायच्या आणि त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवायच्या. त्यांना बरं वाटेल आणि थोडी लाजही वाटेल.

वस्तू सहजासहजी मिळाल्या नाहीत. वडूजजवळच्या एका नाईकांनी छत्री देण्याआधी सुभेदारांच्या हातचं पत्र मागितलं. पाटणच्या बाजूचे चप्पलवाले तर आत जाऊन बसले आणि त्यांच्या बायकोनं चप्पल गुपचूप आणून दिली. कवठे महांकाळच्या बबन हवालदारांनी मात्र काही खळखळ केली नाही. सुभेदारांची बॅटरी त्यांनी पुसून, नवे सेल घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून तयारच ठेवली होती. पन्नाशीचा माणूस. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, लेक बेळगावला दिलेली, शेजारी भाऊ-भावजय. घर असं आवरलेलं की माझ्या वडिलांनी शाबासकी दिली असती. शेळ्या भावाच्या गोठ्यात बांधलेल्या. कागदपत्रं एका पिशवीत, पिशवीवर भावाचं नाव. बॅटरी माझ्या हातात देताना ते हसून म्हणाले, "बरं झालं आलात. येवढंच राहिलं हुतं."

इतका व्यवस्थित माणूस मला या कामात दुसरा भेटला नव्हता. वहीत मी त्यांच्या नावापुढे हिरवी खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सात वस्तू सुभेदारांच्या पलंगावर मांडल्या. काळा चष्मा लावून ते बसले होते. हातानं चाचपत एकेका वस्तूवर ते माणसाचं नाव घेऊ लागले. छत्रीला एक नाव, मफलरला एक नाव, चपलेला एक नाव. चेहरा उतरत चालला होता. बॅटरी हातात आली तेव्हा त्यांनी विचारलं, "बबन काय म्हणाला?"

मी सांगितलं. घराचं कौतुकही केलं.

सुभेदार उठून उभे राहिले आणि म्हणाले, "गाडी काढा." मग त्यांनी माझ्याकडून बबन हवालदारांच्या भावजयीला फोन लावून घेतला. "वैनी, मी सुभेदार. बबनच्या घरात जाऊन बसा. च्या मागा. मी येस्तोवर उठायचं न्हाई. कायबी झालं तरी उठायचं न्हाई." ऑफिसात फोन करून त्यांनी बाकीच्या सहाही जणांकडे माणसं धाडायला सांगितली. सुभेदारांच्या बायको, आमच्या काकू, डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली घेऊन दारापर्यंत आल्या. डॉक्टरांनी काय सांगितलंय म्हणाल्या. सुभेदार तोवर जीपमध्ये बसले होते.

कऱ्हाड मागे पडेपर्यंत ते बॅटरी हातात धरून बसले होते. मी तीनदा माफी मागितली, कशाची ते मला नीट कळलेलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं.

"फौजी माणूस चार्ज दिल्याबिगर जागा सोडत न्हाई, मॅडम. घोंगडं असू दे न्हाईतर च्याचा मग्गा असू दे. ज्याचं हाय त्याच्या हातात देणार, मगच हलणार. हाडात बसलंय ते. म्हणून मी ठेवतो कायतरी. जपून ठेव, न्ह्यायला येतो म्हणतो. मी न्हेत न्हाई, त्यो हलत न्हाई. तवर आपल्याला येळ मिळतो. डॉक्टरला गाठायला, लेकीला बोलवाय. तेवढंच."

"मला का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं तुमाला म्हाईत हाय. न्हाईतर कुणी छत्र्या इसरतं व्हय?"

विट्याच्या पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्याच गावचा, त्यांच्याच पलटणीतला एक दोस्त होता. दोघं एकाच वर्षी पेन्शनवर आले. एक दिवस तो दोस्त सुभेदारांचा स्वेटर परत द्यायला आला, खूप वर्षांपूर्वी उसना घेतलेला, धुऊन घडी घातलेला. "मी घेतला. बरं केलंस म्हटलं. च्या पाजला. तिसऱ्या दिवशी त्याच्या मातीला गेलो." ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुभेदारांनी ते पाळलं. माझं ऑपरेशन झालेलं नव्हतं, मला गाडी दोन मिनिटं बाजूला घ्यावी लागली.

आम्ही पोचलो तेव्हा बबन हवालदार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत खुर्चीवर बसले होते. समोर भावजय. पदर खोचून, मांडी ठोकून, चौथा चहा घेत होत्या. साडेतीन तास त्यांनी दिराला गावातल्या सगळ्या लग्नांची हकिकत सांगितली होती. हवालदार त्याच एका गोष्टीला कंटाळलेले दिसत होते.

सुभेदारांनी बॅटरी त्यांच्या मांडीवर ठेवली. "ही कुणाला इचारून दिलीस?"

"मॅडम आल्या हुत्या."

"मॅडमना चार्ज घ्यायचा अधिकार न्हाई. माझी वस्तू माझ्या हातात द्यायची." मग खाली बसून, म्हशीचं दूध न विचारता, ते म्हणाले, "बबन, जीव द्यायचं मनात हाय का?"

 भावजयीनं कप खाली ठेवला.

"व्हय," हवालदार म्हणाले.

"आज?"

"आज."

सुभेदारांनी मान हलवली. हवालदार रडू लागले. त्यांचा हात हातात घेऊन सुभेदार बसून राहिले, आणि ते थांबल्यावर म्हणाले, "माझ्या डोळ्यात दिसातनं चारदा औषध घालायचं हाय. म्हातारीचा हात कापतो. मला माणूस पायजे. कपडे घे, चल."

वाटेत सांगलीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे आम्ही दोन तास होतो. तिथून हवालदारांच्या गोळ्या घेतल्या आणि लेकीला बेळगावहून बोलावून घेतलं. मग साताऱ्याला. काकूंनी दार उघडलं. पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवणाऱ्या काकू. सुभेदार म्हणाले, "ह्यो औषध घालणार हाय. तुझा हात कापतो." काकूंनी हवालदारांकडे एकदा बघितलं आणि बाटली पुढे केली. हात कापत होता. पुढे चाळीस दिवस तो तसाच कापत राहिला. काकूंना इतकं नाटक येत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

डोळा बरा झाला, हवालदार सावकाश बरे झाले. मधे दोनदा मागे गेले, औषधं वाढवावी लागली, लेक महिनाभर येऊन राहिली. वर्षभरानं ते आमच्याबरोबर फेरीला येऊ लागले. बॅटरी त्यांच्याकडेच होती; बाकीचे सहाही जण सुखरूप होते आणि त्यांच्या वस्तू मी त्याच आठवड्यात ज्याच्या त्याच्या घरी परत नेऊन ठेवल्या होत्या. मी मात्र त्या दिवसानंतर वहीतली हिरवी खूण बंद केली. सुभेदारांनी मला त्या चुकीबद्दल एकदाही बोल लावला नाही, आणि त्यामुळे ती जास्त टोचते.

गेल्या हिवाळ्यात सुभेदार गेले. छातीत कफ झाला, चार दिवस दवाखाना, पाचव्या दिवशी पहाटे संपलं. तेराव्याला मी काकूंच्या अंगणात उभी होते तर समोर माणसांची रांग लागली. कुणी लावायला सांगितलेली नव्हती. वडूजचे, पाटणचे, सगळे. प्रत्येकाच्या हातात पिशवी. सगळ्यात आधी वडूजजवळचे ते नाईक पुढे आले, छत्री काढली आणि म्हणाले, "मॅडम, चार्ज घ्या. आता कुणाला द्यायचा?"

मला इतकी भीती आयुष्यात वाटली नाही. घेतला तर ही सगळी माणसं संध्याकाळी मोकळ्या हातानं घरी जाणार. नाही घेतला तर काय सांगू? सुभेदार असते तर म्हशीचं काहीतरी बोलले असते. 

रांगेच्या शेवटून बबन हवालदार पुढे आले. हातात बॅटरी होती. "लाइन मोडा," ते म्हणाले. "मॅडमना चार्ज घ्यायचा अधिकार न्हाई. सायब गेलं म्हणून ड्यूटी संपत न्हाई. बदली माणूस येस्तोवर जागा सोडायची न्हाई. समजलं का?"  छत्री पिशवीत गेली. माणसं जेवायला बसली आणि आपापल्या पिशव्या घेऊन घरी गेली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी राजीनामा लिहिला. सुभेदारांशिवाय हे काम मला झेपणार नाही असं खरंच वाटत होतं. आजही काही दिवस वाटतं. फायली बांधल्या, त्यांवर चिठ्ठ्या लावल्या, टेबलाचे खण रिकामे केले. हवालदार आले, चहा प्याले, टेबल बघत बसले.

"मॅडम, झोप लागती का?"

"लागते."

"जीव द्यायचं मनात येतं का?"

मला राग आला. "अहो, मी फक्त राजीनामा देतेय."

"इचारल्यानं कुणी मरत न्हाई," ते म्हणाले आणि उठून गेले.

ते गेल्यावर फायलींच्या गठ्ठ्यावर मला बॅटरी दिसली. मी फोन केला. "हवालदार, बॅटरी राहिली तुमची."

"राहिली व्हय? असू दे. येतो न्ह्यायला."

"कधी?"

"बघू की. जपून ठेवा, सायबांची हाय."

राजीनामा खणात आहे. सेल आत राहिले की पाणी सोडतात, म्हणून दर महिन्याला मी ते बदलते. हवालदार रोज समोर बसतात, पण बॅटरी न्यायची त्यांना आठवण होत नाही. परवा मी वडूजजवळच्या एका घरी गेले होते. माणसानं गुळगुळीत दाढी केली होती, आणि घर फार नीट आवरलेलं होतं. तिथे मी माझा जेवणाचा डबा विसरून आले, भरलेला. त्या दिवशी उपास घडला. डबा आणायला सोमवारी जायचं आहे.