बेसवाल्या चाचांचा बाजा

बेसवाले चाचा अंतर श्वासात मोजायचे. नळ घरापासून दोन दम, मशीद सहा, गंजगोलाईची बाजारपेठ पंचवीस. एक दम म्हणजे छाती भरून घेतलेला श्वास हळूहळू सोडत माणूस जेवढा चालेल तेवढं अंतर. कुणी पत्ता विचारला की चाचा थोडं थांबायचे, मनातल्या मनात तिथपर्यंत चालून यायचे आणि मग सांगायचे, "नऊ दम. पण तुझे बारा होतील, तू बिड्या ओढतोस." विचारणारा हसायचा. चाचा हसायचे नाहीत. त्यांच्या दृष्टीनं ते मोजमाप किलोमीटरपेक्षा खरं होतं.

मी अकरावीला किनवटहून लातूरला आलो आणि त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली. शिकायला येणाऱ्या मुलांची रीघ तेव्हा नुकती लागत होती. चाचा भाडेकरूंना गावाच्या नावानं हाक मारायचे. मी 'किनवट', शेजारच्या खोलीतला 'शिरूर'. "ए किनवट, लई वाचून राहिला. डोळे पुस्तकात पडले तर उचलायला मी येणार न्हाई," असं दारातून म्हणत ते पुढे जायचे आणि थोड्या वेळानं त्यांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या भाभी, चहाचा कप खिडकीत ठेवायच्या. त्या चहाचे पैसे भाड्यात कधी धरले गेले नाहीत.

चाचा बँडमध्ये सर्वांत मोठा बाजा वाजवायचे. पुस्तकात त्याला ट्यूबा म्हणतात, बँडवाले बेस म्हणतात. कुठल्याशा लष्करी बँडनं निकालात काढलेला तो पितळी बाजा त्यांच्या वडिलांनी सिकंदराबादेहून आणला होता. मांडीवर घेतला की चाचांची फक्त टोपी आणि बोटं दिसायची. वरातीत लोक नाचतात ते क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवर, बेसकडे कुणाचं लक्ष नसतं. मी एकदा तसं म्हणालो, तर चाचा म्हणाले, "घरात जमिनीकडं कोण बघतंय? पण उभे कुठं राहतात सगळे?"

पहाटेची नमाज झाली की ते अंगणात बसून एकच सूर धरायचे. खालचा, लांब, दम संपेपर्यंत. मग थोडी विश्रांती, पुन्हा तोच. गाणं वाजवताना मी त्यांना अंगणात कधी ऐकलं नाही. "गाणं सुपारीचं, पैसे देणाऱ्याचं," ते म्हणायचे, "हा सूर माझा." त्या सुरानं माझ्या खोलीतल्या मांडणीवरचं स्टीलचं तांब्याभांडं बारीक थरथरायचं. मला त्याचा कधी त्रास झाला नाही. त्या थरथरीनंच मी उठायचो.

मग भूकंप झाला. विसर्जनाच्या दिवशी चाचांचा बँड औशापलीकडच्या एका गावात मिरवणुकीला गेला होता. दिवस मावळताना टेम्पोनं परत आला. दुसऱ्या दिवशी ते गाव उरलं नव्हतं. याबद्दल चाचा माझ्याजवळ एकदाच बोलले. "जेवायला बसवलं होतं रे त्यांनी. पुरणपोळी. नक्को म्हटलं तरी वाढत होते." एवढंच. नंतर बराच वेळ ते बाजाच्या खटक्यांना, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळांना, तेल लावत बसले. गाव कोणतं, हे मी विचारलं नाही, अजूनही मला ते ठाऊक नाही.

त्या दिवसांत सगळी गल्ली रस्त्यावर अंथरुणं टाकून झोपत होती. पंधरा-वीस दिवसांनी लोक भीत भीत घरात जाऊ लागले. चाचांनीही त्याच सुमारास पहिल्यांदा बाजा काढला आणि सूर धरला. घराघरांतली भांडी थरथरली आणि क्षणात गल्ली रिकामी झाली. बायका पोरं उचलून धावल्या. समोरच्या घरातली एक म्हातारी उंबऱ्याला अडखळून पडली आणि तिचा हात मोडला. मी भौतिकशास्त्राचं पुस्तक घेऊन लोकांना समजावत फिरलो. प्रत्येक वस्तूची आपली एक कंपनसंख्या असते, बाजाचा सूर तिच्याशी जुळला की भांडं आपोआप हलतं, जमीन हलत नाही. लोकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सूर निघताच पुन्हा सगळे बाहेर. सगळ्यांच्या आधी मीच.

चाचांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी बाजा गोधडीत गुंडाळला, सायकलच्या कॅरियरला बांधला आणि गावाबाहेरच्या माळावर नेला. मी सोबत गेलो होतो. "इथं कुणी पळणार न्हाई," ते म्हणाले, "पळायला घर तर पाहिजे." पुढची बारा-तेरा वर्षं ते रोज माळावर जात राहिले. मग माळावर क्लासच्या इमारती आल्या, मुलींची वसतिगृहं आली, अभ्यासिका आल्या. एका अभ्यासिकेच्या चौकीदारानं हात जोडून विनंती केली, "चाचा, पोरं डिस्टर्ब होऊन राहिली." चाचा मला म्हणाले, "आधी भीतीनं पळायचे, आता अभ्यासानं. माझा सूर कुणाला कामून सोसत न्हाई रे?"

मी तोवर त्याच लातुरात एका मोठ्या कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवत होतो. घर वेगळं केलं होतं, पण रविवारचा चहा भाभींच्या हातचाच असायचा. अशाच एका रविवारी चाचांनी सांगितलं की डॉक्टरांनी फुंकायला कायमची बंदी केली आहे. नळापर्यंतचे दोन दम आता पाच झाले होते. मी काही समजुतीचं बोलायच्या आत ते म्हणाले, "माझं राहू दे. बाजाचं बघ. फुंकर न्हाई मिळाली तर खटके धरतात, आतून हिरवा पडतो. वाजवणाऱ्याला विकून टाक. किंमत तू ठरव, मला फक्त वाजवणारा पाहिजे."

बँडवाल्यांत अशा सौद्याची एक रीत होती. घेणाऱ्यानं आधी एक लांब सूर वाजवायचा. विकणारा त्याच्याकडे पाठ करून बसायचा, कारण बेसचा खरा सूर कानात नाही, पाठीत लागतो. पाठीला पटला तर सौदा, नाही तर चहा पाजून निरोप.

मी आठ महिने फिरलो. नांदेडच्या बँडवाल्यांना भेटलो, देगलूरला गेलो, धर्माबादला दोनदा गेलो. बँडच्या ठेल्यावर आता कीबोर्ड आणि चार भोंगे आले होते. बेसचं काम एक बटण करत होतं. धर्माबादच्या एका म्हाताऱ्या बँडमालकानं बाजाचा फोटो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाला, "चीज लई चांगली हाय सर. पण उचलणारा माणूस कुठून आणू?" एका भंगारवाल्यानं वजनावर भाव सांगितला. तो मी चाचांना सांगितला नाही.

शेवटी माझी शोधाशोध आमच्या क्लासच्या संचालकांच्या कानावर गेली आणि त्यांनीच विचारलं. नवी इमारत उभी राहत होती आणि स्वागतकक्षात त्यांना जुन्या पितळी वस्तू मांडायच्या होत्या. घंगाळ, समई, एक ग्रामोफोन जमला होता. "तुमचा तो ट्यूबा देता का सर? निकालाच्या मिरवणुकीत वाजवूही एखाद्या वेळी," ते म्हणाले. ते शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं होतं, हे मला त्याच वेळी कळत होतं. तरी मी ते घट्ट धरून चाचांकडे गेलो.

"घेणारा मिळाला," मी सांगितलं. "धर्माबादचा आहे. बँड आहे त्याचा."

"घेऊन ये त्याला. पाठ करून बसतो मी."

"तो येऊ शकत नाही, चाचा. सीझन आहे."

ते थांबले. मनातल्या मनात ते धर्माबादपर्यंत चालून येत आहेत असं मला वाटलं. मग म्हणाले, "तू ऐकलास त्याचा सूर?"

"हाव."

"पाठीत लागला?"

"लागला."

"मग झालं. माझी पाठ आणि तुझी पाठ काय वेगळी हाय?"

बाजा गेला त्या दिवशी त्यांनी तो स्वतः पुसला. मी दिलेलं पाकीट न उघडता भाभींकडे सरकवलं. नव्या इमारतीत सजावटवाल्यानं बाजा भिंतीवर घट्ट बसावा म्हणून पितळेत चार भोकं पाडली आणि स्क्रू ठोकले. मी वर्गात होतो. खाली आलो तेव्हा काम झालं होतं. रोज सकाळी प्रवेशासाठी आलेले पालक त्याच्या खाली बसायचे आणि मी त्यांच्यासमोरून जिना चढायचो.

चाचा दर रविवारी विचारायचे, "वाजतोय का?" आधी मी नुसतं हो म्हणायचो. पण तेवढ्यानं त्यांचं भागायचं नाही, म्हणून मी वराती रचायला शिकलो. बिलोलीचं लग्न, कुंडलवाडीचा उरूस. चाचा डोळे मिटून ऐकायचे आणि निरोप द्यायचे. "त्याला सांग, दुसरा खटका थंडीत अडकतो, खोबरेल लावू नको म्हणावं, घट्ट होतं." "त्याला सांग, चालताना डाव्या पावलावर फुंकायचं न्हाई, दात हलतात." "दम छातीत न्हाई, पोटात ठेव म्हणावं. आणि अर्धा राखून ठेव. सगळा दम खर्च करणारा माणूस वरातीच्या मधेच बसतो." मी मान डोलवायचो. त्यांना बरं वाटत होतं म्हणून मी बोलत राहिलो, असं मी स्वतःला सांगत असे. खरं तर तोवर थांबण्याची हिंमत माझ्यात उरली नव्हती.

नातीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. "त्याच बँडला सांग. पैसे नेहमीपेक्षा जास्त देऊ. एकदा ऐकतो, दुरून."

मी दोन दिवस विचार केला. खरं सांगायचं ठरवूनच त्यांच्या घरी गेलो. दारात पाऊल ठेवलं तर चाचा नवा सदरा घालून खुर्चीत बसले होते. मी म्हणालो, "त्या तारखेची त्यांची सुपारी आधीच ठरली आहे."

मला वाटलं, ते खचतील. ते उजळले. "भर सीझनमधे सुपारी हाय! म्हणजे चाललंय त्याचं." भाभींना हाक मारून त्यांनी ही बातमी सांगितली. नातीच्या लग्नात ठेल्यावरचे भोंगे वाजले आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चाचा अभिमानानं सांगत होते, आमचा बाजा आज दुसरीकडं हाय, त्याला फुरसत न्हाई.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. कब्रस्तानात मी मागे उभा होतो. तिसऱ्या दिवशी घरी गेलो, तर भाभी ओसरीवर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "सर, त्या धर्माबादवाल्याचा नंबर द्या. अब्बानी सांगून ठेवलंय, पहिली खबर त्याला करा म्हणून. तीन दिवस झाले, तुमचीच वाट बघून राहिले मी."

मी खोटा नंबर देऊ शकलो असतो. लागत नाही म्हणालो असतो, तरी चाललं असतं. मी सगळं सांगितलं. संचालक, स्वागतकक्ष, भिंत, चार भोकं.

भाभींनी मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी जमिनीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मग इतकी वर्षं ते सगळं कुणाला शिकवत होते अब्बा?"

"मला," मी म्हणालो.

"तुम्ही वाजवता?"

"नाही."

त्या उठल्या आणि आत गेल्या. मी ओसरीवर बसून राहिलो. आत भांड्यांचा आवाज झाला, मग तोही थांबला. बऱ्याच वेळानं मी चपला घातल्या. त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच निघत होतो.