मागच्या सीटवरचा विद्यार्थी

निलंग्यात ज्याला गाडी येते त्याला ती बहुतेक शिवमूर्ती सरांनीच शिकवलेली असते, आणि ज्याला येत नाही त्याला निदान सरांची नक्कल येते. मान डावीकडं कलती करायची, नाकातून सूर लावायचा आणि म्हणायचं, "हळूऽऽ! क्लच सोडा, जीव सोडू नका!" एकतीस वर्षं एसटी चालवून एक कोंबडीसुद्धा न मारलेला हा माणूस. रिटायर झाल्यावर त्यांनी जुनी अल्टो घेतली, काचेवर तांबडा 'एल' चिकटवला आणि डावीकडं, आपल्या पायाशी, जादा ब्रेक बसवून घेतला. नवा विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी ठरलेलं वाक्य: "भ्यायचं न्हाई. तुमचा ब्रेक चुकला तर माझा हाय."

उज्वला मॅडमचा तो पाचवा दिवस होता. त्यांची बदली कर्नाटक सीमेकडच्या एका गावच्या शाळेवर झाली होती. तिकडं एसटी एकच, ती पण तिच्या मनात आलं तर. लायसनची परीक्षा चौदा तारखेला होती.

सकाळी सात वाजता, औरादच्या रस्त्याला, उसाच्या कडेला गाडी बंद पडली. मॅडम चावी फिरवत होत्या. तेवढ्यात मागचं दार उघडून एक माणूस आत बसला. सरांनी वळूनही पाहिलं नाही. क्लासच्या गाडीत ज्याचा नंबर पुढचा, तो मागं बसतो आणि चालवणाऱ्याचं बघत बघत शिकतो. बावीस-तेवीसचं एक पोरगं त्या दिवशी नवीन यायचंच होतं.

"तुमचा नंबर साडेसातचा," सर म्हणाले. "चौकात थांबायला सांगितलं होतं न्हवं? उसातून कशाला आलात? बसा आता, पट्टा लावा."

"पट्टा राहू द्या, मास्तर. बाई, गाडी काढा."

मॅडमच्या मानेला गार काहीतरी टेकलं. सर वळले तेव्हा त्यांना आधी गावठी कट्टा दिसला, मग चेहरा. आदल्या संध्याकाळी पोलिसांच्या हातून निसटलेल्या आरोपीचा फोटो रात्री सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. सरांनी स्वतःच तो 'सावध राहा' असं लिहून तीन ग्रुपवर पुढं ढकलला होता. फोटोत झुपकेदार मिशा होत्या. इथं मिशा घाईत भादरलेल्या आणि ओठ कापून रक्ताळलेला.

"मी चालवतो," सर म्हणाले. "बाई नवीन हायत. जीव घेतील सगळ्यांचा."

"न्हाई. मास्तर लोक लई हुशार असतेत. बाईच चालवणार."

"मग तुम्हीच चालवा की."

"मला येत असती तर तुमच्या क्लासला आलो असतो व्हय? चला, बॉर्डर."

"पहिला टाका," सरांच्या तोंडून सवयीनं निघालं. "आरशात बघा."

"आरशात बघू नका!" मागचा खेकसला.

मॅडमनी दोघांचंही ऐकायचा प्रयत्न केला. गाडी उचकी लागल्यासारखी निघाली.

सरांच्या पायाखालचा ब्रेक त्या माणसाला ठाऊक नव्हता. सरांच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: ही बाई धड मानेनिशी घरी गेली पाहिजे. इथं रानात ब्रेक दाबून काय उपयोग? माणसं असतील तिथं दाबायचा. पुढं चार किलोमीटरवर नाकाबंदी दिसली. लोखंडी बॅरिकेड, सहा-सात पोलीस, आणि त्यांच्यात सिद्धलिंग! सिद्धलिंगला रिव्हर्स शिकवताना सरांच्या घराचं कुंपण पडलं होतं.

मागच्यानं मॅडमची ओढणी ओढून कट्ट्यावर टाकली आणि नळी त्यांच्या सीटला लावली. "मी बी शिकणाराच. समजलं?"

बॅरिकेडच्या वीस फूट अलीकडं सरांनी ब्रेक दाबला. गाडी गचकन थांबली, बंद पडली.

"मी काही केलं नाही," मॅडम रडकुंडीला आल्या. "खरंच काही केलं नाही!"

"शरणार्थ, सर!" सिद्धलिंग हात जोडत खिडकीशी आला. "काय मॅडम, मुहूर्त चांगला काढला. बरोबर पोलिसांच्या पुढ्यात!"

सरांनी डोळा मारला. डोळ्यांनी मागं खुणावलं. पुन्हा डोळा मारला. सिद्धलिंगनं मॅडमकडं बघितलं, त्याला वाटलं सर त्यांच्या ड्रायव्हिंगला हसतायत. त्यानंही छान डोळा मारला.

"मागं कोण, नवीन?"

"नवीन हाय," सर प्रत्येक शब्द दाबून म्हणाले. "लई म्हंजे लईच नवीन. नीट बघून घे."

"काय हो पाव्हणं, शिव्या खायची तयारी हाय का?" सिद्धलिंग आत वाकला. "मला 'रेड्या' म्हणायचे! पण माणूस सोन्यासारखा."

"व्हय साहेब," मागचा ओठावर रुमाल धरून नम्रपणे म्हणाला.

मॅडमनी चावी फिरवली. गाडी नुसती खोकली. पुन्हा खोकली. सिद्धलिंगनं हाक मारली, "या रे, सरांची गाडी हाय! धक्का द्या!" चार पोलीस मागं लागले, दोघांनी बॅरिकेड बाजूला ओढलं. "हईऽसा!" गाडी सुरू झाली. मागच्या सीटवरून हात बाहेर आला. "थँक्यू, साहेब!"

सर बाजूच्या आरशात लहान होत जाणारा सिद्धलिंग बघत राहिले.

दोन किलोमीटरवर मागच्यानं विचारलं, "बाई, गाडी बंद कशी पडली?"

नळी पुन्हा मानेवर आली.

"सरांच्या पायाखाली पण ब्रेक आहे," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी दाबला."

कट्ट्याचा दस्ता सरांच्या गुडघ्यावर बसला. दोनदा. डोळ्यांपुढं अंधारी आली.

"मांडी घाल, मास्तर. कीर्तनाला बसल्यासारखी. पाय खाली दिसला तर बाईची मान गेली."

सदुसष्ट वर्षांचे शिवमूर्ती सर सुजत चाललेल्या गुडघ्यानं सीटवर मांडी घालून बसले. आणि त्यांच्या पायावाचून, त्यांच्या शब्दावाचून मॅडमनी तिसरा टाकला, मग चौथा. समोरून ट्रॅक्टर आला, त्याला व्यवस्थित बाजू दिली. बारा किलोमीटरमध्ये एकदाही गिअर कुरकुरला नाही. मॅडमच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि गाडी पाण्यासारखी चालली होती.

सीमेजवळ एका पुलाशी त्याचा साथीदार मोटारसायकल घेऊन उभा होता. मागच्यानं सरांचा आणि मॅडमचा मोबाइल घेतला, गाडीची चावी घेतली आणि मोटारसायकलवर बसून गेला. पुलावर दोघं तासभर बसून होते.

तो माणूस अजून सापडलेला नाही. सिद्धलिंग सस्पेंड झाला. त्यानं जबाबात लिहून दिलं की सरांनी स्वतः विद्यार्थी म्हणून ओळख करून दिली. ठाण्याच्या साहेबांनी सरांना चारदा बोलावलं आणि चारदा तोच प्रश्न विचारला, "ब्रेक तुमच्याकडं होता, तर आधी का नाही दाबला?" गाडी पुरावा म्हणून अडकली. क्लासला येणारं कुणी उरलं नाही.

तेरा तारखेला सर लंगडत मॅडमच्या घरी गेले. मॅडमचे पती मुकुल यांनी दार उघडलं, पण 'या' म्हणाले नाहीत. मागून मॅडम आल्या. त्यांनी शाळेतून बिनपगारी रजा घेतली होती.

"उद्या परीक्षा हाय, बाई," सर म्हणाले. "दुसऱ्याची गाडी मागून आणतो. तुम्हाला येतीय. मी मांडी घालून बसलो होतो की, बघितलंय."

"नाक्यावर ब्रेक दाबताना तुम्ही मला विचारलंत का, सर?"

सरांनी दाराची चौकट धरली.

"नळी माझ्या पाठीला होती. गचका बसला तेव्हा चाप ओढला गेला असता तर?"

"मला वाटलं, माणसं हायत... सोडवतील."

"आणि मी तुमचं नाव सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "मला तेव्हा वाईटसुद्धा वाटलं नाही. तुमच्या गुडघ्यावर दस्ता बसत होता आणि मी रस्ता बघत होते. म्हणून तर गाडी नीट चालली."

"ते जाऊ द्या. तुमची काय चूक—"

"स्टेअरिंगला हात लावला की पुन्हा त्या दिवशीची तीच होते मी, सर. नको."

मुकुलनी हळूच दार पुढं केलं. सर पायरीवर खाली बसले आणि चपलेत पाय घालू लागले. गुडघा वाकत नव्हता. आतून मॅडम मुकुलना म्हणत होत्या, "त्यांना रिक्षा बघून द्या." पण बाहेर कुणी आलं नाही.