आत्यांनी बर्फावर ठेवलेली डिश

आमच्या प्रयोगशाळेतल्या आत्या आमच्यापैकी कुणाच्याच आत्या नव्हत्या. पण त्यांचा दराराच असा, की 'मॅडम' म्हणून भागायचं नाही. अकरा वर्षं त्या पेशी वाढवत होत्या आणि पेशींची खोली त्यांची. आत जायचं तर बूट बाहेर, केस टोपीत आणि तोंड बंद. एकदा मी आत शिंकले, तर असं काही बघितलं त्यांनी की आठवडाभर मी तिकडे फिरकले नाही. सकाळी आल्या आल्या पेशी वाढवायची एकेक चपटी डिश मायक्रोस्कोपखाली धरून बोलायच्या, "हं, आज बरं दिसतंय की! काल कसला रुसवा होता?" हे पेशींशी. आम्हा विद्यार्थ्यांशी त्या इतकं गोड कधी बोलल्या असतील तर शपथ!

गेल्या वर्षी डिशना बुरशी लागली आणि सहा जणांचं काम कचऱ्यात गेलं. आमचे प्रमुख, म्हणजे सर, सगळ्यांसमोर आत्यांना म्हणाले, "पुन्हा चूक झाली तर तुम्ही भांडारात बसायचं." भांडार म्हणजे तळमजल्यावर बाटल्या आणि हातमोजे वाटायची जागा.  पेशींची खोली सुटली तर ही बाई खचेल, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

माझं काम एका प्रथिनावर. पेशीच्या आत सेंट्रोसोम नावाचा एक ठिपका असतो. तिथून बारीक धागे निघून पेशीभर पसरतात. पेशीचा आकार, आतली ने-आण, एका पेशीच्या दोन होतानाची वाटणी, सगळं या धाग्यांच्या जिवावर चालतं. माझं प्रथिन त्या ठिपक्यात बसलेलं. ते काढून टाकलं तर काय होतं, या एका प्रश्नापायी तीन वर्षं मी अर्धी झाले होते.

आणि एक दिवस दिसलं! साध्या पेशींत धागे ठणठणीत, प्रथिन काढलेल्या पेशींत एकही नाही. मी नाचतच सरांकडे गेले. सरही खूश. "पुढच्या आठवड्यातल्या बैठकीत मांडू," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरांच्या खोलीत बसले होते, तेवढ्यात आत्या नोंदवही घेऊन आल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सर, धागे गेले ते माझ्यामुळे. साध्या पेशींची डिश झाली आणि पेशी आहेत तशाच पक्क्या करायचं औषध संपलं. नवं बनवेपर्यंत हिची दुसरी, प्रथिन काढलेल्या पेशींची डिश मी अर्धा तास बर्फावर ठेवली. खराब होऊ नये म्हणून."

ही चूक आमच्या कामातलं माणूसच करू जाणे. आत्या आधी सतरा वर्षं दुसऱ्या विभागात पेशी फोडून प्रथिनं काढायच्या. तिथे बर्फाशिवाय पान हलत नाही. सवयीचा हात बर्फाकडे गेला. पण हे धागे थंडीत विरघळतात, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो आत्या, तीन वर्षं! आणि हे आज सांगताय?"

"आज वही वाचताना लक्षात आलं. काल आलं असतं तर काल सांगितलं असतं."

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, गप्प बसल्या असत्या तर काय बिघडलं असतं? कुणाला पत्ता लागला नसता. त्यांची खोली राहिली असती आणि माझा निष्कर्षही. या विचाराची मला आजही लाज वाटते.

सर म्हणाले, "उद्यापासून भांडारात."

"जाते," आत्या म्हणाल्या, "पण उद्याचा दिवस द्या. दोन्ही डिश सारख्याच बर्फावर ठेवते. मग जो फरक उरेल तो खरा. माझ्यामुळे पोरीच्या मेहनतीवर पाणी पडायला नको."

सकाळी त्यांनी दोन्हीकडच्या चार-चार डिश बर्फावर ठेवल्या. अर्ध्या तासाने काही काढून बघितल्या, तर दोन्हीकडे धागे गायब. फरक शून्य. माझा चेहरा पडला.

"रडायला अख्खा जन्म पडलाय," आत्या म्हणाल्या. "उरलेल्यांना ऊब देऊन बघू."

उरलेल्या त्यांनी कोमट द्रावणात ठेवल्या, घड्याळ लावून दोन मिनिटं. मग पक्क्या केल्या, रंगवल्या. संध्याकाळी आम्ही तिघं मायक्रोस्कोपपाशी.

साध्या पेशींत त्या एका ठिपक्यातून धागे परत उगवले होते, चहूबाजूंना. प्रथिन काढलेल्या पेशींतही धागे होते, पण तुकडे तुकडे. इथे दोन, तिथे चार, कुणाला मूळ नाही. म्हणजे माझं प्रथिन धागे बनवतच नव्हतं! धाग्यांना ते एका जागी धरून ठेवत होतं. बैठकीत मी धडधडीत चुकीचं सांगणार होते.

सरांनी दोन्हीकडच्या डिश पुन्हा एकदा बघितल्या. "आत्या, हे आणखी दोनदा करावं लागेल. तुमच्याच हातून."

"मी उद्या भांडारात आहे ना."

"भांडारात दुसरं कुणीही चालेल," सर म्हणाले. "आपली चूक आपणहून येऊन सांगणारं माणूस मला याच खोलीत हवंय."

आत्यांचे डोळे भरून आले. मी तर हुंदके देत त्यांच्या गळ्यातच पडले.

"सोड गं बाई," त्या नाक ओढत म्हणाल्या, "हातात डिश आहे."