चाक लवकर थांबू लागलं तेव्हा

घराला लागून टिनाच्या शेडमध्ये आमची धान भरडायची हलर आहे. ती डिझेल इंजिनावर चालते. इंजिन नवऱ्याने जुनंच विकत आणलं होतं. तो गेल्यावर मी चालवायला लागले. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी उन्हाळी धानालाही मिळतं, म्हणून आमच्याकडे काम वर्षातून दोनदा येतं. विकायचा धान लोक मोठ्या मिलला देतात. घरी खायचा माझ्याकडे आणतात, कारण इथे कोंडा परत मिळतो आणि बसून दुसऱ्यांची निंदा करायला जागा मिळते.

इंजिनाच्या बाजूला माझ्या कमरेएवढं उंच लोखंडी चाक आहे. मिस्त्री त्याला फ्लायव्हील म्हणतो, मी चाकच म्हणते. इंजिन चालू करताना आधी एक खटका उचलून ठेवायचा, म्हणजे आत हवा दाबली जात नाही. मग हँडल घालून चाक फिरवायचं. पहिला फेरा जड जातो, मग हलकं होत जातं. चाक पळायला लागलं की खटका सोडायचा. तेव्हा आत हवा दाबली जाते. ती दाबण्याएवढा जोर एका झटक्यात कोणाच्याच हातात नसतो. तो चाकात असतो. फेऱ्याफेऱ्याने आपणच टाकलेला. चाकाने तेवढा एक धक्का काढला की इंजिन पेटतं, नाही काढला तर फुस्स होऊन थांबतं.

इंजिन बंद केल्यावरही चाक बराच वेळ फिरत राहायचं. मी खराटा घेऊन आतल्या भिंतीपासून झाडत यायची, आणि दारापाशी पोहोचेपर्यंत ते थांबायचं. नवरा होता तेव्हापासून असंच.

दोन वर्षांमागे माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू होता. नंतर मी कुडव्याला मुलीकडे राहिले, कारण डॉक्टरने वाकायला आणि जोर लावायला मनाई केली होती. तेवढ्या दिवसांत मुलाने हलर चालवली. तो दिवसा अर्जुनीला दुकानात असतो, संध्याकाळी घरी येऊन तासभर मशीन चालवायचा. मग तोही कंटाळला आणि मशीन बंदच राहिली.

मी परत आले, हँडल घातलं, आणि चाक काही पळेना. दम लागेपर्यंत फिरवलं, खटका सोडला, फुस्स. पुन्हा फुस्स. पोतं घेऊन आलेला एक म्हातारा बिडी ओढत बघत होता.

"काकू, इंजिन बुढं झालं का तुम्ही?"

"तू काऊन बसून राहिलास? ये, मार हँडल."

"माह्या कमरेत दुखते." तो पोतं सायकलवर टाकून दुसऱ्या गावच्या हलरला गेला.

संध्याकाळी मुलाने फिरवून पाहिलं. त्याचंही फुस्स झालं. पण दुकानात बसून त्याचं पोट सुटलं आहे, त्यामुळे त्यावरून काही ठरत नव्हतं.

"माय, इंजिन मेलं," तो म्हणाला. "आन् तुह्यानंही आता होत नाही. भंगारवाल्याले सांगतो, रविवारी टेम्पो घेऊन येईल."

"मले विचारलं?"

"विचारून काय होईल? चालवणार कोण?"

सून भाकरी थापत होती. इंजिन गेलं असतं तर मी दिवसभर ओट्यावर बसून माणसं मोजत राहिले असते, आणि ते मला जमणारं नाही. पण मुलाचं म्हणणं खोटं आहे असंही मला छातीठोक सांगता येत नव्हतं. हातात ताकद कमी झाली होती, ते मला कळत होतं. किती कमी झाली ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेल्यावर मी सुनेला शेडमध्ये नेलं. इंजिनावरून हलरला जाणारा पट्टा काढून टाकला, म्हणजे हलरचा भार नको. खटका वर ठेवला, म्हणजे हवेचा दाब नको. दोघींनी मिळून चाक फिरवलं, हँडल काढून घेतलं आणि मी खराटा हातात घेतला. आतल्या भिंतीजवळचंही झाडून झालं नव्हतं, तेवढ्यात चाक थांबलं.

मी तिथेच खाली बसले. आम्ही दोघींनी लावलेला जोर गेला कुठे? आमचे हात चाकावर नव्हतेच, म्हणजे चाक थांबण्यात माझ्या म्हातारपणाचा काही संबंध नव्हता. फिरणारं चाक वाऱ्यालाही थोडा जोर देतं, जवळ गाल नेला की लागतो तो वारा. पण वारा पहिल्यापासून तेवढाच. राहिलं बेअरिंग. ज्या दांड्यावर चाक बसलं आहे तो दोन्ही बाजूंना बेअरिंगमध्ये फिरतो, आणि वर तेल भरायच्या वाट्या आहेत. वाटीचं झाकण उघडून बोट घातलं. बोटाला पिवळा चिकट डिंक आला. वास घेतला. जवसाचा.

"पोरी, यात तेल कोनं टाकलं?"

ती पदराच्या टोकाशी खेळत राहिली. "तुम्ही कुडव्याले होत्या तवा मशीनचं तेल सरलं होतं. त्यायनं घरचंच टाकलं. म्हने, दाराले लावतो, नांगराले लावतो, मंग याले काय होते?"

आमच्याकडे धान निघाल्यावर त्याच शेतात, बांधीत, जवस होतो. त्याचं तेल खातात आणि लाकडाला चोळतात, कारण ते लाकडावर सुकून घट्ट बसतं. बेअरिंगमध्येही तेच झालं. थोडं फिरलं, तापलं, मग मशीन बंद राहिली आणि ते तिथेच सुकलं. माझा निम्मा जोर तो डिंकच खात होता.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने बेअरिंग खोलून डिझेलने धुतलं, खरडलं, बरोबर तेल घातलं. बेअरिंग थोडं झिजलंही आहे म्हणाला, पण चालेल. या वेळी चाक फिरवून मी झाडायला लागले आणि जवळजवळ दारापर्यंत आले.

मग इंजिन चालू करायला घेतलं. चाक पळालं, खटका सोडला. धूर आला, एकदा ठोका पडला, आणि थांबलं. परत तसंच. थोडा जोर कमी पडत होता, आणि आता तो दुसरीकडे कुठे जात नव्हता. माझ्यातच नव्हता.

मी हँडल सुनेकडे दिलं. आजवर दिलं नव्हतं. तिनेही मागितलं नव्हतं.

"मले येत नाही, माय."

"सकाळी फिरवलंस ना? तसंच फिरव. खटका मी सोडते. इंजिन पेटलं की हँडल लगेच ओढून घे, नाही तर हात मोडेल."

तिने पदर खोचला. पहिल्यांदा मी खटका लवकर सोडला. दुसऱ्यांदा इंजिन पेटलं.

रविवारी टेम्पो आला तेव्हा शेडमध्ये कोंडा उडत होता आणि बाहेर पोती लागली होती. मुलगा भंगारवाल्याला घेऊन दारात उभा राहिला.

"कोनं चालू केलं?"

"तुह्या बायकोनं."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती हलरच्या तोंडात धान सोडत होती. मी त्याच्या कानाशी जाऊन, इंजिनाच्या आवाजात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "आन् जवसाचं तेल चटणीवर घ्याचं असते." पोतीवाले हसले. भंगारवाला एक फुटका पिंप घेऊन गेला.

आता सकाळी चालू सून करते, संध्याकाळी बंद मी करते. चाक अजूनही नवऱ्याच्या वेळेएवढं फिरत नाही, मी झाडत दारापर्यंत पोहोचायच्या थोडं आधी ते थांबतं. मिस्त्री म्हणतो, उन्हाळी धान निघाला की बेअरिंग बदलून देतो. मागच्या वर्षीही तो हेच म्हणाला होता.