भंगारवाल्याचा चुंबक

आमच्या शिवाजी पेठेत दर रविवारी येणाऱ्या भंगारवाल्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही. त्याच्या हातगाड्याच्या दांड्याला जुन्या स्पीकरमधला चुंबक दोरीनं टांगलेला असतो. भांडं पितळेचंच आहे, असं कुणी कितीही शपथेवर सांगितलं तरी तो म्हणतो, "तुमचं ऱ्हाऊ दे, माझं बी ऱ्हाऊ दे. ह्याला इचारू की." चुंबक चिकटला की लोखंड. वाद संपला.

एकदा चौथीच्या वर्गात दाखवायला मी तो मागून नेला. देताना तो मलाच दम देत म्हणाला, "बाई, हापटू देऊ नगासा. मार बसला की त्येचा जोर जातोय."

परवा शेजारच्या मावशी त्याच्याकडे समई घेऊन आल्या. विकायची नव्हती. "माझ्या आईनं लग्नात दिल्याली. जाऊ म्हणती, वरनं मुलामा हाय, आतनं लोखंड. बघा की जरा."

त्यांनी समई पुढं केली आणि टांगलेला चुंबक आपोआप तिच्याकडे झुकला. मला दिसलं. मावशी मात्र त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यानं चटकन चुंबक मुठीत धरला, दुसऱ्या हातानं समईवर टिचकी मारली आणि आवाज ऐकल्यासारखं केलं.

"पितळच हाय, मावशी. जावंला सांगा, मी बघितलंय म्हणून."

मावशी समई पदरानं पुसत निघाल्या. त्या घरात जाऊन दार लागेपर्यंत त्यानं मूठ उघडली नाही.