लिस्बनला पोचलेली वाक्यं

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये वाद नको. भूत, भास, संकेत... यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय. बिल्डिंगमध्ये कोणी दाराला लिंबू-मिरची बांधली की टोमणा मारायला पहिली मी. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण कोणाला तरी सांगायला हवं, आणि घरात सांगायला कोणी नाही.

मी ठाण्याला नौपाड्यात राहते, एकटी. लग्न केलं नाही. आई होती, ती दोन वर्षांपूर्वी गेली. रिटायर झाल्यापासून आवाजाची कामं घेते — एका लहानशा कंपनीसाठी मराठी ऑडिओ गाईड. म्हणजे परदेशातल्या शहरात तुम्ही कानात हेडफोन घालून फिरायचं आणि मी सांगत जाणार : इथे थांबा, डावीकडे बघा, हे अमक्याने बांधलं. गेल्या वर्षी लिस्बन केलं. स्क्रिप्टही माझीच, चार महिने वाचून लिहिलेली. एके काळी आपल्या ठाण्यावर राज्य करून गेले त्या पोर्तुगीजांचं गाव आहे तरी कसं, याची मला फार उत्सुकता. अल्फामाच्या चिंचोळ्या चढाच्या गल्ल्या, रोसिओ चौकातली काळ्या-पांढऱ्या लाटांची फरसबंदी, मोठ्या भूकंपात छत कोसळलेलं आणि मग तसंच उघडं राहिलेलं कार्मोचं चर्च... लिस्बन मला पाठ आहे. मी गेलेली मात्र नाही. माझी मजल आजवर गोव्यापर्यंत.

रेकॉर्डिंग घरीच. दुपारी दोन ते चार, शेजारच्यांचे कुकर शांत झाले की. कपाटाच्या उघड्या दारांवर गोधड्या टाकायच्या, पंखा बंद, आणि त्यात मी घामाने निथळत बसलेली. आई होती तेव्हा ती बाहेरच्या खोलीत वॉकर घेऊन फेऱ्या मारायची. एक तुकडा वाचून झाला की मी माइक बंद करायचे आणि हाक मारायचे, "गोळी घेतलीस का? पाय दुखतायत का? बस जरा, घाई नाहीये."

ती गेली, पण तोंडाची सवय जाईना. लिस्बनच्या वेळी घरात चिटपाखरू नव्हतं, तरी प्रत्येक तुकड्यानंतर मी रिकाम्या खोलीला हेच विचारत होते. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. लोक म्हणाले असते, बाईंचं डोकं फिरलं. खरं सांगायचं तर मलाही तीच भीती होती.

यंदा मार्चमध्ये कुणालचा फोन आला. कंपनीचा साउंड एडिटर, डोंबिवलीचा, दोन मुलींचा बाप आहे, पण बोलतो कॉलेजातल्यासारखा. "मॅडम, घोडबंदर रोडचे एक काका आहेत. लिस्बनला मुलाकडे गेलेले. तुम्हाला भेटून थँक्यू म्हणायचंय म्हणतात. नंबर देऊ?"

"दे. तक्रार निघाली तर तूच निस्तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ते काका, म्हणजे सामंत, फोनवर पत्ता विचारून आले. सत्तरी ओलांडलेले, कडक इस्त्रीचा शर्ट, बायको जाऊन वर्ष झालेलं. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात आणि हे एकटेच माझा आवाज कानात घालून हिंडायचे. म्हणाले, "तीच फेरी मी नऊ वेळा केली."

"नऊ वेळा? एवढं काही चांगलं लिहिलेलं नाहीये मी."

ते हसले. "इतिहासासाठी नाही हो. तुम्ही मध्ये मध्ये विचारता ना, त्यासाठी. कार्मोचं सांगून झालं की म्हणता, गोळी घेतलीस का? अल्फामाचा चढ संपला की, पाय दुखतायत का, बस जरा, घाई नाहीये. पहिल्यांदा दचकलोच. पण या वयात मला अरे-तुरे करणारं राहिलंय कोण? बरं वाटायचं."

मला आधी भयंकर राग आला. वाटलं, भिंतीपलीकडून कोणीतरी ऐकलंय आणि हा गृहस्थ माझी थट्टा करायला आलाय. आवाज चढवूनच विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" बिचारे एवढेसे झाले. त्यांनी फोन काढला, आणि आम्ही दोघांनी समोरासमोर बसून पूर्ण फेरी ऐकली. कार्मो संपलं... पुढे काही नाही. अल्फामा संपलं, तिथेही शांतता.

"तिथे येत होतं," ते एवढंच म्हणाले.

कुणालने मूळ फाइल्स, फायनल, सगळं तपासलं. "क्लीन आहे मॅडम. तुम्ही स्टॉप केल्यावर माइक ऐकतच नाही, तर येणार कुठून?" बाकी कोणाची अशी कमेंट नाही. काकांना भास झाला असेल, हे त्याचं मत. असेल बाबा. पण भासाला माझ्या बंद घरातली वाक्यं शब्दन् शब्द, त्याच क्रमाने कशी ठाऊक? विज्ञानाच्या बाईंकडे याचं उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा, फक्त ग्रहमान सांगू नका.

त्या दिवशी निघताना सामंत दारात चपला घालत म्हणाले, "मी उत्तर द्यायचो बरं का. म्हणायचो, घेतली, घेतली. आणि उलट विचारायचो, तू जेवलीस का? मग गाईड पॉज करून पाच मिनिटं तिथेच बाकावर बसायचो. म्हटलं, बोललीच काही, तर मध्ये भूकंप नको."

ते गेल्यावर मी दार लावलं आणि रडले. आई गेल्यापासून जेवलीस का म्हणून मला कोणी विचारलेलं नाही. या माणसाने तिकडे नऊ वेळा विचारलं, आणि मला एकदाही ऐकू आलं नाही. ते पाच-पाच मिनिटं थांबायचे. मी मात्र प्रश्न टाकला की लगेच माइक चालू करून पुढचं पान वाचायला घ्यायचे. उत्तर देणार कोण, म्हणून मी कधी थांबलेच नाही.