अकरा गावांची एक मेथड

"एकच गोष्ट अकरा वेळा लिहिणारा माणूस आळशी असतो," प्रेरणा एकदा म्हणाली होती. तो माणूस म्हणजे सोमनाथ. वरव्याजवळच्या पॅकिंग कारखान्यात तिच्या आधी तो प्रोग्राम लिहायचा.

प्रेरणा आंबवड्याची. तिची आई साळूबाई त्याच कारखान्यात नऊ वर्षं खोकी भरत होती. लेक एसीत बसते म्हणून जेवणाच्या सुट्टीत बायका साळूबाईला 'मालकीणबाई' म्हणायच्या. तिला ते आवडतं हे कळल्यावर जास्तच म्हणायला लागल्या.

कामगार गावोगावहून टेम्पोनं येत. गैरहजर राहणाऱ्यांना गाळायला सोमनाथनं गावागणिक वेगळी मेथड, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, लिहिली होती. अकराही दिसायला सारख्या. प्रेरणानं दोनच वाचल्या. दोन्हींत मधेच काही तारखा होत्या, कसल्या ते लिहिलेलं नव्हतं. जुना कचरा, असं तिला वाटलं. आंबवड्याची मेथड तिनं उघडली असती, तर तारखा पाहताक्षणी ओळखल्या असत्या.

तिनं अकराही पुसल्या आणि एक जेनेरिक, म्हणजे सगळ्यांना चालणारी, मेथड लिहिली. तिला कुठलीही यादी द्यावी, माणसांची, खोक्यांची, टेम्पोंची. सोबत पॅरामीटर म्हणून एक छोटं फंक्शन द्यावं, त्यात फक्त नियम. मेथड स्वतः काही ठरवत नाही. एकेक नाव त्या फंक्शनपुढे धरते आणि ते म्हणेल तसं ठेवते किंवा टाकते. मॅनेजर कुमारसाहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

एप्रिलअखेर त्यांनी नियम सांगितला: महिन्यात तीन खाडे, की घरी. प्रेरणानं तेवढं फंक्शन लिहून मेथडला दिलं. चौसष्ट नावं गळाली. त्यांत आंबवड्याचं एकूण एक माणूस होतं, साळूबाईही. मग तिला कळलं. त्या तारखा गावोगावच्या यात्रांच्या होत्या.

"साहेब, यात्रेचे दिवस खाड्यात धरले गेलेत. सोमनाथ ते वगळायचा. नियमात एक ओळ घालते."

"नियम कुणाचा?"

"तुमचा."

"मग? मेथडनं नियमात नाक खुपसायचं नाही, हे तूच शिकवलंस मला."

"चूक माझी आहे, साहेब. बायकांची नाही."

"चूक कसली? सोमनाथ मला न विचारता सुट्ट्या वाटत होता. तू ते बंद केलंस." साहेब हसले. "गेटवर यादी तूच वाच. तुझ्याच गावची माणसं, तुझं ऐकतील."

गेटवर बायका रांगेनं उभ्या होत्या. ती वाचत गेली.

"आमची नावं कशी खणखणीत वाचती बघा, मालकीणबाईंची लेक," रांगेतली चंद्राबाई म्हणाली.

"माजं न्हाई ना गं त्यात?" साळूबाईनं विचारलं.

प्रेरणानं पुढचं नाव वाचलं. ते साळूबाईचंच होतं.

बायका हसल्या. आपलीही नावं गेली होती, तरी हसल्या. साळूबाईनं हातमोजे काढले, एकात एक खुपसले.

"म्या तीन दिस ऱ्हायले यात्रेला. तूबी जेवलीस की पंगतीत. तुजं नाव कुठंय?"

ऑफिसातल्या लोकांची नावं मेथडला कधी देतच नसत.

"झालं का?" कुमारसाहेब दारातून म्हणाले. "आत ये. पुढच्या महिन्याचा नियम सांगतो."

यादी कॉम्प्युटरवर होतीच. प्रेरणा गेल्यानं एकही नाव परत येणार नव्हतं. तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून वॉचमनच्या टेबलावर ठेवलं आणि गेटबाहेर पडली.